शटडाउनच्या वेळी नेटवर्क आधी जातं तेव्हा: सिस्टमडीमध्ये सर्व्हिसेसचा क्रम कसा लावायचा

ऑफिसच्या लिनक्स सर्व्हरवर पोस्टग्रेस डेटाबेस आहे. मशीन बंद होण्याआधी त्याचा शेवटचा बॅकअप नासवर, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणुकीच्या मशीनवर, गेला पाहिजे. स्क्रिप्ट हाताने चालवली की काम चोख होतं. तीच शटडाउनला जोडली की कधी फाइल पोचते, कधी अर्धवट पोचते, तर कधी ‘नेटवर्क अनरीचेबल’ एवढी एकच ओळ लॉगमध्ये मिळते. मग कोणीतरी स्क्रिप्टमध्ये दहा सेकंदांचा स्लीप घालतं. त्याने काहीच सुटत नाही, कारण मशीन बंद होत असताना वाट बघून गेलेलं नेटवर्क परत येत नसतं.

दोष बहुतेक वेळा स्क्रिप्टमध्ये नसतो. काम शटडाउनच्या वेळी ‘सुरू’ करायचं, या कल्पनेतच तो असतो. सिस्टमडीमध्ये (लिनक्सवर सर्व्हिसेस सुरू करणारा आणि थांबवणारा प्रोग्रॅम) असं काम बूटच्या वेळी सुरू झालेलं असावं लागतं आणि शटडाउनला ते ‘थांबावं’ लागतं. बॅकअप घ्यायचा तो या थांबण्याच्या टप्प्यात. हे एकदा पक्कं समजलं की पुढची मांडणी सरळ होत जाते.

लिहिण्याच्या सोयीसाठी कमांड, फाइलींची नावं आणि सेटिंग्ज मी इथे देवनागरीत देतो आहे. मशीनवर अर्थातच ती नेहमीच्या रोमन अक्षरांत टाइप करायची. आफ्टर, वॉन्ट्स, टाइप अशा सेटिंग्जची नावं मोठ्या अक्षराने सुरू होतात. टार्गेटची, म्हणजे बूट किंवा शटडाउनमधल्या ठरावीक टप्प्यांची, नावं पूर्ण लहान अक्षरांत असतात.

आधी नियम समजून घेऊ

सिस्टमडीमध्ये दोन गोष्टी पूर्णपणे वेगळ्या ठेवल्या आहेत. ‘वॉन्ट्स’ आणि ‘रिक्वायर्स’ सांगतात की माझ्यासोबत आणखी कोण हवं. ‘आफ्टर’ आणि ‘बिफोर’ सांगतात की आधी कोण, नंतर कोण. नुसतं वॉन्ट्स लिहिलं तर दोन्ही सर्व्हिसेस एकाच वेळी सुरू होतात. नुसतं आफ्टर लिहिलं तर समोरचा येणारच नसेल, तर त्याची वाटही पाहिली जात नाही.

शटडाउनसाठी वेगळा क्रम लिहायची सोय नाही आणि गरजही नाही. सुरू होण्याचा जो क्रम, त्याच्या बरोबर उलटा थांबण्याचा. मांडव घालताना आधी खांब रोवतात, मग छत चढवतात. उतरवताना छत आधी खाली येतं आणि खांब शेवटी निघतात. तुमची सर्व्हिस नेटवर्कच्या ‘आफ्टर’ असेल तर शटडाउनला ती नेटवर्कच्या आधी थांबेल. ती पूर्ण थांबेपर्यंत नेटवर्कला हात लागणार नाही.

आता तो नियम, जो फारसा कोणी वाचत नाही. दोन युनिट्समध्ये (सर्व्हिस, टार्गेट यांसारख्या सिस्टमडीच्या घटकांमध्ये) क्रम ठरलेला असेल आणि त्यांतलं एक थांबत असताना दुसरं सुरू होत असेल, तर थांबण्याचं काम आधी होतं. तिथे आफ्टर लिहिलं आहे की बिफोर, याने काहीही फरक पडत नाही.

इंटरनेटवर वारंवार सापडणारा नुस्खा या नियमापुढे कोसळतो. त्या नुस्ख्यात सर्व्हिस ‘वॉन्टेडबाय=शटडाउन.टार्गेट’ किंवा ‘पॉवरऑफ.टार्गेट’ला जोडतात, ‘डिफॉल्टडिपेन्डन्सीज=नो’ (सिस्टमडीने आपोआप लावलेले क्रम नकोत) लिहितात आणि स्क्रिप्ट एक्झेकस्टार्टमध्ये, म्हणजे सर्व्हिस सुरू होताना चालणाऱ्या कमांडमध्ये, टाकतात. म्हणजे शटडाउन लागल्यावर ती सर्व्हिस सुरू होते आणि त्याच वेळी नेटवर्क थांबत असतं. नेटवर्कशी क्रम जोडला नाही तर दोघांची शर्यत लागते, म्हणून कधी चालतं, कधी नाही. जोडला तर नेटवर्क आधी जाणार हे नक्कीच. आफ्टर बदलून बिफोर करून पाहणाऱ्यांच्या पदरी काही पडत नाही ते यामुळेच.

ही सवय सिस्टमडीच्या आधीच्या, जुन्या सिस्टिम-व्ही इनिट या व्यवस्थेतून आलेली आहे. तिथे आरसी०.डी आणि आरसी६.डी या फोल्डरांत के अक्षराने सुरू होणाऱ्या लिंका असत आणि त्यांच्या आकड्यांवरून क्रम लागे. डेबियनने 2015 साली आठव्या आवृत्तीपासून सिस्टमडी मूळ व्यवस्था म्हणून घेतली. फोल्डरांचं महत्त्व गेलं, पण ‘शटडाउनला चालवायची स्क्रिप्ट’ हा विचार मागे राहिला.

याच गटातली आणखी एक जागा म्हणजे ‘सिस्टम-शटडाउन’ नावाचा फोल्डर. त्यातल्या फाइली अगदी शेवटी चालतात, तेव्हा सगळ्या सर्व्हिसेस गेलेल्या असतात. नेटवर्कच्या कामासाठी तिकडे फिरकूच नका.

कोणतं टार्गेट धरायचं?

नेटवर्कच्या नावाची तीन टार्गेट्स आहेत. नेटवर्क-प्री.टार्गेट फायरवॉलसारख्यांसाठी आहे: नेटवर्क उभं राहण्याआधी यायचं आणि पडल्यावर जायचं. आपल्याला त्याची गरज नाही.

नेटवर्क.टार्गेटबद्दल गैरसमज फार आहे. बूटच्या वेळी त्याचा अर्थ ‘नेटवर्क चालू झालं’ असा होत नाही. नेटवर्क सांभाळणारा प्रोग्रॅम सुरू झाला, एवढंच त्यातून कळतं. आयपी पत्ता मिळालेला असेलच असं नाही. पण शटडाउनसाठी हे टार्गेट अगदी नेमकं आहे. नेटवर्कमॅनेजर, सिस्टमडी-नेटवर्कडी आणि डेबियनची जुनी नेटवर्किंग सर्व्हिस हे सगळे स्वतःला या टार्गेटच्या ‘बिफोर’ ठेवतात. म्हणून ‘आफ्टर=नेटवर्क.टार्गेट’ लिहिणारी सर्व्हिस त्या सगळ्यांच्या आधी थांबते.

नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट खरोखर नेटवर्क जोडलं जाईपर्यंत थांबवून धरतं. बूटलाच नेटवर्क लागणाऱ्या सर्व्हिसला ते योग्य आहे, पण तेव्हा ‘वॉन्ट्स’ आणि ‘आफ्टर’ दोन्ही लिहावे लागतात. नुसतं आफ्टर लिहिलं आणि दुसऱ्या कोणीही हे टार्गेट मागितलेलं नसलं, तर ते सुरूच होत नाही. जे सुरू नाही ते शटडाउनला थांबतही नाही, आणि तुमची आफ्टरची ओळ दोन्ही टोकांना निकामी ठरते. याबद्दल लॉगमध्ये एक अक्षरही येत नाही, म्हणून हा दोष सापडायला वेळ लागतो.

आपल्या बॅकअपला बूटच्या वेळी काहीच करायचं नाही. म्हणून नेटवर्क.टार्गेट पुरेसं आहे आणि माझ्या मते तेच बरं. ऑनलाइनची वाट पाहायला लावली आणि त्या दिवशी केबल निघालेली असली, तर बूट उगाच रेंगाळतं. सिस्टमडी-नेटवर्कडीची वाट पाहण्याची मूळ मुदत 120 सेकंद आहे.

युनिट फाइल

/ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम/ या फोल्डरमध्ये ‘शटडाउन-बॅकअप.सर्व्हिस’ नावाची फाइल करा. तिचे तीन भाग असतात आणि प्रत्येक भागाचं नाव चौकटी कंसात एका ओळीवर येतं.

युनिट या भागात:

डिस्क्रिप्शन=बंद होताना डेटाबेसचा बॅकअप
आफ्टर=नेटवर्क.टार्गेट एनएसएस-लुकअप.टार्गेट पोस्टग्रेस्क्यूएल.सर्व्हिस

सर्व्हिस या भागात:

टाइप=वनशॉट
रिमेनआफ्टरएक्झिट=येस
एक्झेकस्टार्ट=/बिन/ट्रू
एक्झेकस्टॉप=/यूएसआर/लोकल/एसबिन/शटडाउन-बॅकअप
टाइमआउटस्टॉपसेक=5मिन

इन्स्टॉल या भागात:

वॉन्टेडबाय=मल्टी-यूजर.टार्गेट

सगळ्यात महत्त्वाची ओळ ‘रिमेनआफ्टरएक्झिट=येस’. ती नसेल तर /बिन/ट्रू चालून संपल्याबरोबर सर्व्हिस निष्क्रिय होते आणि एक्झेकस्टॉपची, म्हणजे थांबताना चालायची, स्क्रिप्ट बूटच्या वेळीच चालून मोकळी होते. मग संध्याकाळी थांबवण्यासारखं काही उरलेलंच नसतं. ही ओळ असली की सर्व्हिस दिवसभर ‘सक्रिय’ राहते. त्यासाठी एकही प्रोसेस चालू ठेवावी लागत नाही.

एनएसएस-लुकअप.टार्गेट नावांवरून पत्ते शोधण्यासाठी. मशीनवर सिस्टमडी-रिझॉल्व्हड चालत असेल आणि बॅकअप ‘नास.लोकल’सारख्या नावावर जात असेल, तर नेटवर्क जिवंत असूनही नाव न सापडल्याने काम अडू शकतं. आधार म्हणून हे टार्गेट लिहावं. नासचा पत्ता कायमचा ठरवलेला असेल, तर स्क्रिप्टमध्ये सरळ आयपी वापरणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

पोस्टग्रेस आफ्टरमध्ये का, हे उघड आहे: बॅकअप काढताना डेटाबेस चालू हवा. डेबियन आणि उबंटूवर पोस्टग्रेस्क्यूएल.सर्व्हिस हे नुसतं नाव आहे. खरा सर्व्हर पोस्टग्रेस्क्यूएल@15-मेन यासारख्या युनिटमध्ये चालतो. ते युनिट स्वतःला पोस्टग्रेस्क्यूएल.सर्व्हिसच्या बिफोर ठेवतं, त्यामुळे आपली साखळी नीट लागते: आधी आपला बॅकअप थांबतो, मग ते नाव, मग खरा सर्व्हर. त्याच युनिट फाइलमध्ये पॅकेज करणाऱ्यांनी ‘आफ्टर=नेटवर्क.टार्गेट’च्या डोक्यावर टीप लिहून ठेवली आहे की शटडाउनला नेटवर्क जाण्याआधी सर्व्हर थांबावा म्हणून ही ओळ आहे. कमांड ‘सिस्टमसीटीएल कॅट’ देऊन ती स्वतः वाचा. चांगलं युनिट कसं लिहितात हे तिथे शिकायला मिळतं.

इथे ‘रिक्वायर्स=पोस्टग्रेस्क्यूएल.सर्व्हिस’ लिहायचा मोह होतो, तो टाळा. रिक्वायर्स असलं की पोस्टग्रेस कोणी रीस्टार्ट केला तरी आपली सर्व्हिसही थांबवली जाते, आणि दुपारी भर कामात बॅकअप सुरू होतो. क्रम हवा आहे, तर क्रमच लिहा.

टाइमआउटस्टॉपसेक न लिहिल्यास मूळ मुदत 90 सेकंदांची असते. तेवढ्यात स्क्रिप्ट संपली नाही तर सिस्टमडी ती मारून पुढे जातो. बॅकअपला खरोखर किती वेळ लागतो ते मोजा आणि त्याच्या दुप्पट मुदत द्या. ‘इन्फिनिटी’ कधीही लिहू नका, नाहीतर नास बंद असेल त्या दिवशी मशीन बंदच होणार नाही.

स्क्रिप्ट लिहिताना

क्रम बरोबर असूनही स्क्रिप्ट ज्या वातावरणात चालते तिथे काम फसू शकतं. तिथे तुमचं लॉगिन नसतं, एसएसएच एजंट (किल्ल्या लक्षात ठेवणारा प्रोग्रॅम) नसतो, पासवर्ड विचारायला स्क्रीन नसतो. आरसिंक (फाइली कॉपी करणारी कमांड) एसएसएचवरून (दुसऱ्या मशीनशी सुरक्षित जोडणी) करत असाल तर फक्त याच कामासाठी वेगळी, पासफ्रेज नसलेली किल्ली (की) करा, नासवर तिला मोजकेच अधिकार द्या, आणि नासची ओळख रूटच्या नोन-होस्ट्स फाइलमध्ये आधीच नोंदवून ठेवा. एसएसएचला ‘बॅचमोड=येस’ आणि ‘कनेक्टटाइमआउट=10’ हे पर्याय द्या. त्याने नास सापडला नाही तर दहा सेकंदांत स्पष्ट चूक मिळते.

काम पार्श्वभूमीत ढकलू नका. ओळीच्या शेवटी अँपरसँड लावला किंवा नोहप वापरला, तर मूळ स्क्रिप्ट लगेच संपते, सिस्टमडी समजतो की एक्झेकस्टॉप पार पडलं, आणि मागे राहिलेल्या प्रोसेस तो मारून टाकतो. अर्धवट फाइली बहुधा इथूनच येतात.

एक्झेकस्टॉपमधून दुसरी सर्व्हिस सुरू करायचा प्रयत्नही करू नका. शटडाउन चालू असताना ‘ट्रान्झॅक्शन इज डिस्ट्रक्टिव्ह’ असं उत्तर मिळतं, कारण त्या सर्व्हिसवर थांबवण्याचा हुकूम आधीच लागलेला असतो. ऑटोमाउंटचंही, म्हणजे फोल्डर उघडताच तो जोडून देणाऱ्या सोयीचंही, तेच होतं. नासचा फोल्डर ऑटोमाउंटवर असेल आणि दिवसभरात कोणी उघडला नसेल, तर शटडाउनला तो उघडणार नाही. बॅकअप माउंट केलेल्या फोल्डरमध्ये जात असेल तर साधा माउंट ठेवा आणि युनिट भागात ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर=/एमएनटी/नास’ लिहा. या एका ओळीत माउंटची गरजही येते आणि क्रमही.

एक्झेकस्टॉप शटडाउनखेरीज कोणी ‘सिस्टमसीटीएल स्टॉप’ किंवा ‘रीस्टार्ट’ दिलं तरी चालतं. ते नको असेल तर स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘सिस्टमसीटीएल इज-सिस्टम-रनिंग’ विचारा. शटडाउन चालू असेल तरच उत्तर ‘स्टॉपिंग’ येतं. रीबूट आहे की पॉवरऑफ हे ओळखायचं असेल तर ‘सिस्टमसीटीएल लिस्ट-जॉब्स’च्या यादीत रीबूट.टार्गेट सुरू होत आहे का ते पाहा.

सुरू करा आणि तपासा

‘सिस्टमडी-अनालाइझ व्हेरिफाय’ देऊन फाइल तपासा, ‘सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड’ द्या, मग ‘सिस्टमसीटीएल इनेबल --नाऊ शटडाउन-बॅकअप.सर्व्हिस’. ‘--नाऊ’ विसरलात तर सर्व्हिस पुढच्या बूटपर्यंत सक्रिय होणार नाही, आणि आजच्या शटडाउनला बॅकअप होणार नाही. स्टेटसमध्ये ‘अॅक्टिव्ह’ आणि पुढे ‘एक्झिटेड’ दिसलं पाहिजे.

मागच्या बूटचा लॉग टिकतो का, हे आधी बघा. काही मशीनवर जर्नल (सिस्टमडीचा लॉग) फक्त मेमरीत असतो आणि शटडाउनला पुसला जातो. /व्हार/लॉग/जर्नल हा फोल्डर नसेल तर तयार करा आणि ‘जर्नलसीटीएल --फ्लश’ द्या. याशिवाय शटडाउनचं काहीही शोधणं म्हणजे अंधारात चाचपडणं.

आता रीबूट करा आणि ‘जर्नलसीटीएल -बी -1 -ओ शॉर्ट-प्रिसाइज’ देऊन शेवटच्या शंभरएक ओळी शांतपणे वाचा. आपल्या सर्व्हिसची ‘स्टॉपिंग’ ओळ, मधे आरसिंकचे संदेश, मग तिचीच ‘स्टॉप्ड’ ओळ, मग ‘स्टॉप्ड टार्गेट नेटवर्क’ आणि त्यानंतरच नेटवर्कमॅनेजरची ‘स्टॉपिंग’, असा क्रम दिसायला हवा. नेटवर्कमॅनेजरची ओळ आपल्या ‘स्टॉप्ड’च्या आधी दिसली, तर बॅकअप नीट पोचला असला तरी मांडणी चुकलेली आहे. ‘ऑर्डरिंग सायकल’ असे शब्द दिसले तर कुठेतरी आफ्टरचं वर्तुळ झालं आहे आणि ते तोडायला सिस्टमडीने एखादं काम यादीतून काढून टाकलं आहे. काढलेल्या कामाचं नाव तिथेच लिहिलेलं असतं.

नुसता बॅकअप पोचला म्हणून खूश होऊ नका, असं मुद्दाम सांगतो. नेटवर्कमॅनेजर बंद होताना केबलच्या जोडणीचा पत्ता बहुधा तसाच ठेवून जातो. त्यामुळे केबलवर चुकीचा क्रमही महिनोन्‌महिने चालून जातो. तीच मांडणी वाय-फायच्या मशीनवर नेली की पहिल्याच दिवशी फसते.

वाय-फाय, व्हीपीएन आणि नेटवर्कवरचे माउंट

वाय-फायवर दोन ठिकाणी पाहायचं. पहिलं, वाय-फायला जोडून देणारा प्रोग्रॅम डब्ल्यूपीए-सप्लिकंट. जोडणीचा जीव त्याच्या हातात असतो. ‘सिस्टमसीटीएल लिस्ट-डिपेन्डन्सीज --आफ्टर नेटवर्क.टार्गेट’ दिलं की नेटवर्क.टार्गेटच्या आधी सुरू होणारे, म्हणजेच शटडाउनला त्याच्या नंतर थांबणारे सगळे दिसतात. त्या यादीत डब्ल्यूपीए-सप्लिकंट हवाच. नसेल तर ‘सिस्टमसीटीएल एडिट डब्ल्यूपीए_सप्लिकंट.सर्व्हिस’ देऊन युनिट भागात ‘बिफोर=नेटवर्क.टार्गेट’ ही ओळ घाला. मूळ फाइल हात न लावता तशीच राहते आणि अपडेटमध्ये बदल वाहून जात नाही.

दुसरं ठिकाण चटकन सुचत नाही. डेस्कटॉपवरून जोडलेलं वाय-फाय कधी कधी एकाच वापरकर्त्याच्या नावावर नोंदलेलं असतं. तो लॉगआउट झाला की जोडणी तुटते, आणि शटडाउनमध्ये लॉगआउट अगदी सुरुवातीला होतं. इथे सर्व्हिसचा क्रम कितीही अचूक असला तरी उपयोग नाही. नेटवर्कमॅनेजरच्या ‘एनएमसीएलआय कनेक्शन शो’ या कमांडपुढे जोडणीचं नाव देऊन ‘कनेक्शन.परमिशन्स’ बघा. तिथे वापरकर्त्याचं नाव असेल तर ‘एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय’ने ते रिकामं करा. जोडणी सगळ्या वापरकर्त्यांची होते.

बॅकअप वायरगार्ड या व्हीपीएनमधून जात असेल तर आफ्टरमध्ये ‘डब्ल्यूजी-क्विक@डब्ल्यूजी०.सर्व्हिस’ही लिहा. व्हीपीएन हे स्वतंत्र युनिट आहे, नेटवर्क.टार्गेटच्या भरवशावर राहिलात तर बॅकअप आणि व्हीपीएन एकाच वेळी थांबायला लागतात.

एनएफएस आणि सीआयएफएस या नेटवर्कवरच्या फाइलसिस्टम्सचे माउंट सिस्टमडी प्रकाराच्या नावावरून ओळखतो आणि त्यांना नेटवर्कचा क्रम आपोआप लावतो. आयस्कझीवरच्या (नेटवर्कवरून जोडलेल्या) डिस्कवर ईएक्सटी4 ही साधी फाइलसिस्टम असेल तर मात्र त्याला ती घरचीच डिस्क वाटते. एफएसटॅब या माउंटच्या यादीच्या फाइलमध्ये तिच्या ओळीत ‘_नेटडेव्ह’ लिहायलाच हवं, नाहीतर शटडाउनला नेटवर्क आधी जाऊन अनमाउंट लटकतं. व्हीपीएनपलीकडच्या एनएफएसला ‘एक्स-सिस्टमडी.रिक्वायर्स=’ पुढे वायरगार्डच्या युनिटचं नाव द्या.

एसएसएचवरून रीबूट दिल्यावर तुमचं टर्मिनल गोठून राहत असेल तर तोही याच घराण्यातला दोष आहे. डेबियनवर लिबपॅम-सिस्टमडी हे पॅकेज नसलं की लॉगिनची नोंद सिस्टमडीकडे होत नाही आणि सेशन नेटवर्कच्या आधी बंद करायचं त्याला कळत नाही. पॅकेज घाला, प्रश्न मिटतो.

यूपीएसवर चालणारी मशीन

महाराष्ट्रात तालुक्याच्या ठिकाणी किंवा गावात लोडशेडिंग असेल, तिथे सर्व्हर पुष्कळदा यूपीएसच्या इशाऱ्यावर बंद होतो. त्या वेळी आपला सगळा क्रम निर्दोष असला तरी स्विच किंवा नास भिंतीच्या प्लगवर असेल तर नेटवर्क वीज जाताक्षणीच गेलेलं असतं. सर्व्हर, स्विच आणि नास हे तिन्ही बॅटरीवर हवेत. नास राउटरमधून जोडलेला असेल तर राउटरही.

वेळेचा हिशेबही इथे बसवावा लागतो. यूपीएसवर लक्ष ठेवणारा एनयूटी किंवा एपीसीयूपीएसडी हा प्रोग्रॅम ज्या क्षणी शटडाउनचा हुकूम देईल, त्या क्षणी बॅटरीत उरलेली मिनिटं ही टाइमआउटस्टॉपसेक अधिक इतर सर्व्हिसेसना थांबायला लागणारा वेळ यापेक्षा जास्त असली पाहिजेत. वर आपण पाच मिनिटं दिली आहेत. बॅटरी तेवढी टिकत नसेल तर हुकूम लवकर द्यायला लावा, किंवा शटडाउनला फक्त शेवटच्या बॅकअपनंतरचे बदल जातील अशी स्क्रिप्ट करून मोठा बॅकअप रात्रीच्या टायमरवर टाका. मग एखाद्या सुट्टीच्या दिवशी मुद्दाम मेन स्विच बंद करून ही चाचणी घ्या आणि जर्नलमधल्या वेळा बॅटरीच्या वेळेशी ताडून पाहा.